दुकान कोणाच्या नावावर?



मावळातल्या बचतगटांच्या बैठकीत हप्ता, व्याज, हजेरी आटोपली की हल्ली कोणीतरी हमखास विचारते, "ताई, आपला माल मोबाईलवर कसा टाकायचा?" प्रश्न रास्त आहे. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची दुकाने ओळीने उभी आहेत, तिथे गटाच्या चिक्कीला जागा मिळणे अवघड. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईच्या घरोघर पोचला, पण चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या बाईचे नाव कधी पिशवीवर आले नाही. ऑनलाइन विक्रीमुळे गिऱ्हाईक थेट तिच्यापर्यंत पोचू शकते. म्हणून मी या वाटेचे स्वागतच करते.

पण स्वागत करताना एक प्रश्न विचारायलाच हवा. हे नवे दुकान कोणाच्या नावावर?

पवना धरणाच्या काठी, कार्ला-भाजे परिसरात घरगुती जेवणाचा आणि मुक्कामाचा धंदा वाढला आहे. भाकऱ्या ती थापते, चादरी ती धुते. इंटरनेटवरच्या पानावर मात्र नाव नवऱ्याचे, नंबर दिराचा, क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा. "जेवण उत्तम होते," असे पाहुणे लिहून जातात, ते तिला वाचूनही दाखवले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३८ टक्के होत्या, तर पुरुष सुमारे ६१ टक्के. या दरीतूनच मालकी निसटते.

हे आपल्याला नवीन नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव यावे म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती. कष्ट तिचे आणि कागद त्याचा, हेच दुखणे आता पासवर्डच्या रूपात पुढे आले आहे.

"माझा नंबर नको, घरच्यांचाच द्या," असे बायका स्वतःही म्हणतात. त्याला भित्रेपणा म्हणू नये. नंबर जाहीर झाला की रात्री-अपरात्री फोन येतात, नको ते फोटो येतात, आणि बोल मात्र तिलाच लागतो. नंबर लपवला की त्रास टळतो, पण धंदाही हातचा जातो. त्यापेक्षा गटाच्या नावाने वेगळे सिमकार्ड घ्यावे, तो फोन आळीपाळीने सांभाळावा आणि वेळ ठरवून घ्यावी. जाहिरातीत फोटो मालाचा असावा. बाईचा चेहरा तिची इच्छा असेल तरच. बाईचा ऑनलाइन पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे प्रत्येक गटाला ठाऊक हवे. पैशाची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

बाकीची कामेही गटानेच हाती ठेवावीत. पैसे गटाच्या बँक खात्यात यावेत, पासवर्ड निदान दोघींना माहीत असावा. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी गटाच्या नावाने करावी. जीएसटीला घाबरून पाऊल मागे घेऊ नये. १ ऑक्टोबर २०२३पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर त्या नोंदणीतून सूट मिळाली आहे.

१९५९ साली गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सात बायकांनी 'लिज्जत' सुरू केले. पापड तर घरोघर लाटले जात होते. वेगळेपण होते ते मालकीत: लाटणारीच भागीदार ठरली. इंटरनेटवर दुकान मांडतानाही हीच कसोटी लावायला हवी. किती जणांनी पान पाहिले हे मोजण्याआधी, ते उघडण्याची किल्ली कोणाच्या हातात आहे ते पाहू या.

कार्यकर्त्या मैत्रिणींना विनंती, पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर मांडा. नंबर कोणाचा, खाते कोणाचे, पासवर्ड कोणाकडे, याची गटवार यादी करा आणि काय आढळले ते आम्हाला कळवा.