पिशवीचा स्वभाव
परवा मंडईत शिरलो मटार घ्यायला आणि घरी आलो हरभऱ्याचे डहाळे घेऊन. आमच्याकडे याला 'पिशवीचा स्वभाव' म्हणतात, पण खरा दोष मटाराचा. शेंगा फुगलेल्या, तरी पिवळट. एक सोलून दाणे तोंडात टाकले तर पिठूळ. उन्हं तापू लागली की मटारातल्या साखरेचं पीठ होतं, मग त्याला भाजी म्हणायचं ते केवळ भिडेखातर. डहाळ्याचं तसं नाही. घाटा दाबला की फट् आवाज, सोलता सोलता बोटांना चिकटणारी ती आंब. निम्मे सोलाणे कढईपर्यंत पोचतच नाहीत, हे तुम्हाला काय सांगायचं! शेजारच्या गाळ्यावर गवतात निजवलेला हापूस होता. पेटीचा भाव ऐकून मी आदराने एक पाऊल मागे सरलो. फेब्रुवारीतला आंबा खायचा नसतोच, घेतला हे चारचौघांत सांगायचं असतं. खावा तो मे महिन्यात, घरभर वास सुटल्यावर. डहाळे मात्र फार तर होळीपर्यंत. पुढे घाटे वाळतात आणि वाण्याकडे हरभरा म्हणून वर्षभर भेटतात. तेव्हा या रविवारी पिशवी घेऊन निघाच.