गुडघे दुखतात, म्हणून तोलही सोडायचा का?



आज विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या घरातलाच आहे. शिरड शहापूर आणि आसपासच्या गावांत आजी-आजोबा गुडघ्यावर हात टेकवत उठतात, हे आपण रोज बघतो. आयुष्यभर सोयाबीन, हळद, खुरपणी अशी कामं उकिडवं बसून केलेली असतात. वय वाढतं, वजन वाढतं, कूर्चा झिजते. मग घरचे मायेनं म्हणतात, "आता बसून राहा, हालू नका." माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला मायेचा असला तरी घातक आहे.

का, ते पाहू. गुडघा दुखला की माणूस त्या पायावर भार टाकत नाही. भार नाही म्हणून मांडीच्या पुढचे स्नायू बारीक होतात. स्नायू दुबळे झाले की सांध्याचा आधार जातो आणि दुखणं आणखी वाढतं. म्हणजे बसून राहिल्यानं गुडघा वाचत नाही, उलट लवकर थकतो.

दुसरी गोष्ट तोलाची. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो: डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूला जाणारी जाणीव. डोळे मिटले तरी आपला पाय कुठं आहे हे आपल्याला कळतं, ते या तिसऱ्या गोष्टीमुळं. झिजलेल्या गुडघ्यात ही जाणीव मंदावते. त्यात वयानं नजर कमी झालेली. मग ओली मोरी, उंच उंबरठा, रात्रीचा अंधार, आणि माणूस पडतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा पहिल्यासारखं चालणं अनेकांना जमत नाही. खरी भीती गुडघेदुखीपेक्षा या पडण्याची आहे.

गुडघा म्हटलं की आपल्याला थेट ऑपरेशन आठवतं. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा 'सांधा बदलणं' हा शब्द घराघरांत पोचला. ज्यांना गरज आहे त्यांनी ते जरूर करावं. पण त्याआधीही आणि त्यानंतरही व्यायाम लागतोच, ही गोष्ट मात्र तेवढी पोचली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा झिजेचा संधिवात होता आणि त्यात सर्वांत जास्त दुखणारा सांधा गुडघाच होता. एवढ्या सगळ्यांना ऑपरेशन हे काही उत्तर नाही.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, वजन कमी करणं आणि गरजेप्रमाणे काठी वापरणं यांची ठाम शिफारस आहे. तोलाचे व्यायाम आणि योग यांचीही शिफारस आहे, पण ती रुग्णाची स्थिती पाहून. म्हणजे तोलाचा व्यायाम ही जादू नव्हे. तो मांडीच्या ताकदीच्या व्यायामाला जोड आहे.

घरी काय करता येईल?

१. पाठीला भिंत आणि समोर जड, न सरकणारी खुर्ची. खुर्ची दोन्ही हातांनी धरून भार हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा.
२. तसंच धरून एक पाय किंचित उचलायचा. ५ ते १० सेकंद. मग दुसरा पाय.
३. ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत चालायचं. शेताच्या बांधावरून चालतो ना, अगदी तसं.
४. उंच खुर्चीवरून सावकाश उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला ५ वेळा पुरे.

पथ्यं लक्षात ठेवा. जवळ कोणीतरी उभं असावं. डोळे मिटून करू नये. सांधा सुजलेला, गरम असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर. थोडं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर प्रमाण कमी करा. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण नेमकी उलटी धरतात.

आधार घेण्यात कमीपणा कसला? पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, भिंत, दोर यांचा आधार देऊन आसनं शिकवली आणि ती पद्धत जगभर गेली.

आता शाळेचा संबंध. आपण मैदानावर मुलांना लंगडी शिकवतो. लंगडी म्हणजे तोलाचाच धडा. आजीनंही लहानपणी ती खेळलेली असते. तिला आता उडी मारायला लावायची नाही, पण नातवानं शेजारी उभं राहून "आजी, मी मोजतो, तू पाय उचल" एवढं तर म्हणावं! शारीरिक शिक्षणाच्या तासाला हा गृहपाठ द्यायला काय हरकत आहे? मुलाला शरीरशास्त्र कळेल, आजीला सोबत मिळेल. आणि दिवसभर फळ्यापुढं उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनो, हे आपल्यालाही लागू आहे बरं का!

औंढा नागनाथाला गेलात तर गाभाऱ्यात अरुंद पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. कितीतरी म्हातारी माणसं वरूनच हात जोडून परत फिरतात. सगळ्यांनाच तिथं उतरता येईल असं मी म्हणत नाही. पण मोरीपर्यंत, अंगणापर्यंत, शेजारच्या घरापर्यंत कुणाचा हात न धरता जाता येणं हीसुद्धा माणसाची प्रतिष्ठाच आहे. ती टिकवायला एक खुर्ची आणि रोजची दहा मिनिटं लागतात.

म्हणून पालकहो, "बसून राहा" म्हणणं सोडा. "चला, मी धरतो" म्हणा.