तेरचीं खापरें आणि आमचा इतिहास

करंज्याहून तेर म्हणजे समुद्रकांठ सोडून थेट धाराशिव जिल्ह्यांत जाणें. गेल्या सुटींत आम्ही चार शिक्षक तिकडे निघालों तेव्हां शेजाऱ्यांस वाटलें, गोरोबाकाकांच्या दर्शनास चालले. दर्शन घेतलेंच, पण खरें काम होतें तें तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या वस्तुसंग्रहालयांत.

लामतुरे त्याच गांवचे. पांढरीच्या टेकाडांतून निघालेलीं खापरें, मणी, नाणीं त्यांनीं वर्षानुवर्षें जमविलीं, आणि त्या संग्रहावर आज सरकारी संग्रहालय उभें आहे. तेरचें जुनें नांव तगर. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या पेरिप्लस नांवाच्या ग्रीक ग्रंथांत लिहिलें आहे कीं, तगराकडचें कापड गाड्यांवरून भडोच बंदरास जाई. तेथील एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहिली. तिच्याच जातकुळीची दुसरी १९३८ सालीं इटलींतील पाँपेई शहरांत सांपडली, आणि तें शहर तर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलेलें!

पण आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों तो मातीच्या बाहुल्यांपुढें. पांढरी माती दोन साच्यांत दाबून, दोन्ही अर्ध जोडून, आंतून पोकळ ठेवून भाजलेल्या. कुंभारबंधूंनो, पोकळ वस्तु भट्टींत न फुटतां भाजून काढणें किती जिकिरीचें, हें तुम्हांस आम्हीं काय सांगावें? शंखाच्या बांगड्याहि आहेत. तेरला समुद्र नाहीं. म्हणजे कोण्या किनाऱ्यावर कोणी कोळी पाण्यांत उतरला, कोणीं तो शंख बैलावर लादला, आणि कोणा कांसारानें कापून घांसला.

शाळेंत आम्ही सातवाहन राजांचीं नांवें पाठ करून घेतों. नाणेघाटांतील लेखांत यज्ञाच्या दक्षिणेच्या गाई मोजून कोरल्या आहेत. त्या गाई राखल्या कोणीं, हें मात्र कोठेंहि कोरलेलें नाहीं. तें सांगतात हीं खापरें. आमच्या पूर्वजांनीं लेख लिहिला नाहीं, कारण लेखणी त्यांच्या हातीं नव्हती. पण त्यांच्या बोटांचे ठसे मातींत राहिले आहेत, आणि तोच आमचा शिलालेख.

आणि आपण काय करतों? विहीर खणतांना खापर निघालें कीं बांधावर फेंकतों. कोरीव दगड निघाला तर शेंदूर फांसतों. नाणें निघालें तर पोलिसांच्या धास्तीनें गुपचूप सोनाराकडे! दहा रुपयांवरील किमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास सरकारांत वर्दी द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. वर्दी देणाराचा हक्कहि त्यांत सांगितला आहे. धास्ती आहे ती लपविण्यांत. आमच्याच शेजारीं चांजे येथें शिलाहार राजा अपरादित्याचा शके १०६० चा शिलालेख सांपडला. तो विद्वानांच्या ग्रंथांत छापलेला आहे. आमच्या वर्गांत विचारलें तर एका मुलालाहि ठाऊक नव्हतें. हा दोष मुलांचा नव्हे, आमचा.

परत आल्यावर आम्हीं शाळेंत एक लांकडी पेटी ठेवली आहे. वस्तु कोणत्या शेतांत, किती खोल सांपडली, हें चिठीवर लिहून आंत ठेवावयाचें. पहिली वस्तु एका कोळ्याच्या मुलानें आणली: जाळ्यास बांधावयाची भाजक्या मातीची गोळी. ती बहुधा त्याच्या आज्याचीच असावी. आम्हीं चिठी लिहून ती ठेवून घेतली.