‘बिगिनर फ्रेंडली’ म्हणे!

मृगाचा पहिला पाऊस पडला की माझ्या व्हॉट्सॲपवर पोस्टरं पडायला लागतात. हिरवा डोंगर, पांढरा धबधबा, हात पसरून उभी असलेली मुलगी, आणि खाली ठळक अक्षरात: ‘सोपा ट्रेक, बिगिनर फ्रेंडली, नाश्ता-जेवण समाविष्ट’. किती माणसं नेणार, पाऊस वाढला तर कुठून परतणार, सगळ्यात शेवटी कोण चालणार, यातलं एक अक्षर नसतं. पोह्यांचा उल्लेख मात्र चुकत नाही.

असं पोस्टर मीही बनवलं होतं, म्हणून हे लिहितोय.

मी हिवरा आश्रमचा. आमच्याकडे सह्याद्रीसारखे कडे नाहीत, त्यामुळे ‘विदर्भात कसला ट्रेक?’ हे ऐकायची सवय आहे. पण लोणार आमच्या हाताशी आहे. विवराच्या काठावर धार आहे, बारमाही पाण्याची. तिथून खाली सरोवरापर्यंत झाडीतली वाट. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी सव्वीस जणांना घेऊन गेलो. बहुतेक कॉलेजची पोरं, कुणीच आधी कधी ट्रेक केलेला नाही. धार पाहून एकजण म्हणाला, “भाऊ, एवढाच धबधबा?” मला ते लागलं. धबधबा छोटा निघाला तर ट्रेक तरी दणक्यात करू, म्हणून मी सगळ्यांना झपाझप खाली उतरवलं.

लोणार म्हणजे उलटा डोंगर. साध्या डोंगरावर दमलेला माणूस अर्ध्यातून परत फिरतो, उतार त्याला घरी आणून सोडतो. इथे उतार आधी आणि चढ शेवटी. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, शंभर मीटरांहून जास्त खोल विवर. खाली गेलात की वर यावंच लागतं. समोर अख्खं सरोवर, पण पाणी खारं, घोटभरही पिता येत नाही. हे सगळं मला माहीत होतं. त्या पोरांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ‘सोपा’ लिहून बसलो होतो ना!

वर येताना तगडी पोरं पुढे पळाली, मीही त्यांच्यासोबत. काठावर मोजलं तर पंचवीस. मी पळत खाली गेलो. वाटेच्या मध्यावर एक मुलगी ओल्या दगडावर बसलेली, ओठ पांढरे पडलेले. बाटली रिकामी होऊन तास झाला होता. “दादा, मले वाटलं मी सगळ्याईले उशीर करून राह्यली, म्हणून हाक नाई मारली.” तिला काही झालं नाही. पण ‘काही झालं नाही’ हे माझं कर्तृत्व नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: प्रत्येकाने स्वतःची जबाबदारी घ्यावी, फॉर्मवर सही घेतलीच आहे. कसली जबाबदारी? नवखा म्हणजेच ज्याला धोका कुठे असतो ते कळत नाही तो. वरच्या बाजूला पाऊस झाला की पाणी आधी गढूळ होतं, आवाज बदलतो, आणि मग लोंढा येतो. हे ज्याला माहीत आहे त्याने सही करावी, म्हणजे लीडरने. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांनी डोंगर सर करायला घेतला नव्हता, रविवारची सहल होती. सोपीच जागा. पाणी वाढलं आणि ती सोपी राहिली नाही.

त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले. दरवर्षी कुठे ना कुठे निघतात. मला बंदी पटत नाही. बंदीने पोरं थांबत नाहीत, ती चोरवाटेने जातात, आणि तिथे विचारणारंही कुणी नसतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यात नोंदणी आहे, सुरक्षेचे नियम आहेत. पण पोस्टर बघून पैसे पाठवणाऱ्यांपैकी नोंदणी किती जण विचारतात? आपण विचारतो ड्रोन शूट आहे का.

आणि हे शिकायला मला कुठे लांब जायची गरज नव्हती, याची जास्त लाज वाटते. आमच्या गावात विवेकानंद जयंती महोत्सवाच्या महाप्रसादाला लाखभर माणसं रांगांनी मैदानात बसतात. पुरी-भाजी ट्रॅक्टरने फिरते. लहानपणी मी तिथे वाढलंय. वाढप्याची नजर पहिल्या रांगेवर नसते, ती शेवटच्या पानावर असते. तिथे मला हे कळत होतं. काठावर पोचल्यावर सेल्फी घेताना विसरलो.

आता मी चौदाच्या वर माणसं नेत नाही. निघताना सांगतो की चढ शेवटी आहे, दोन लिटर पाणी नसेल तर बसमध्येच बसा. पाऊस जोरात असेल तर धार बघून परत. गेल्या वर्षी असाच परत फिरलो तर तिघांनी पैसे मागितले आणि एकाने ‘घाबरट लीडर’ म्हणून स्टेटस ठेवलं. पैसे दिले. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलं.

दगडावर बसलेली ती मुलगी या वर्षी पुन्हा आली. मी तिला शेवटी चालायला सांगितलं, गळ्यात शिट्टी देऊन. पहिल्याच वळणावर तिने ती वाजवली. पुढची पोरं वैतागून थांबली, काय झालं म्हणून ओरडली. काही झालं नव्हतं. एकाला बुटाची नाडी बांधायची होती.