यंत्रे आली, वाचन आले काय?

शाळेत नवा संगणक किंवा पडदा आला की त्याची पहिली नोंद जडसंग्रहाच्या वहीत होते. बहुधा तीच शेवटची ठरते, ही आमची तक्रार आहे. त्या यंत्रामुळे किती मुले वाचू लागली, हे लिहिण्यास त्या वहीत रकाना नाही.

अक्कलकुवा तालुक्याचेच पाहा. मोलगीच्या परिसरातील पाड्यांवर मुलांची घरची बोली भिल्ली कुळातली. शाळेचे पुस्तक प्रमाण मराठीत. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी शासनाने घोषणा केली. घोषणा सुरेख होती. मात्र मोबाइलची रेंजच न पोचणाऱ्या दऱ्याखोऱ्यांत तिचा पूर्वार्ध तेवढा खरा ठरला. याच तालुक्यात, चिमलखेडीस, नर्मदा आंदोलनाने १९९०च्या दशकात जीवनशाळा काढली. तिचे भांडवल यंत्र नव्हे, तर मुलांच्या बोलीत बोलणारा शिक्षक हे होते.

एवढ्यावरून आम्हांस कोणी यंत्रद्वेष्टे ठरवू नये. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय अध्यापनाची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सोडतीने निवडलेली मुले साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. सातवीतल्या मुलाची मजल तिसरीपर्यंतच असेल, तर यंत्र त्याला तिसरीचेच गणित देई, आणि जोडीला लहान गटास शिकविणारा माणूसही होता. उलट पेरू देशाने मुलांना लाखो संगणक वाटले. २०१२ सालच्या पाहणीत भाषा-गणिताच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र दोन्हीकडे होते. मुलाची इयत्ता नव्हे, त्याची मजल ओळखण्याची सोय एकीकडेच होती.

शहरातील पालक आज मुलाच्या हातून मोबाइल काढून घेण्याच्या खटपटीत आहे. डोंगरातील मुलाला मात्र तोच तारक म्हणून दाखविला जातो, हा विरोधाभास आमच्या वाचकांच्या लक्षात आला असेलच.

आमची मागणी अवघड नाही. जिल्हा परिषदेने यंत्रे एकदम सर्व शाळांस न देता निम्म्यांस यंदा व उरलेल्यांस पुढील वर्षी, सोडत काढून द्यावीत. देण्यापूर्वी आणि वर्षाअखेर दोन्हीकडच्या प्रत्येक मुलाला एक उतारा वाचावयास व एक भागाकार करावयास सांगावा, सूचना त्याच्या बोलीत द्याव्यात, आणि निकाल ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचून दाखवावा. या तपासणीस कागद, पेन्सिल व एक दिवस पुरेसा आहे.