बर्फाखालील चराऊ रान

मुलांनो, सरोवर गोठले म्हणजे त्यातील जीवन थांबले, आणि बर्फ कमी झाला तर तेथील जीवांचे भलेच झाले, असे कोणालाही वाटेल. मला मात्र हा समज मान्य नाही. सायबेरियातील पर्वतांनी वेढलेले बैकल सरोवर मी साक्षीला बोलावतो.

जगातील हे सर्वांत खोल सरोवर जानेवारीत गोठते, ते मे महिन्याच्या सुमारास मोकळे होते. वारा बर्फावरील भुसभुशीत हिम उडवून लावतो आणि काचेसारख्या नितळ बर्फातून सूर्यप्रकाश खाली उतरतो. त्या प्रकाशावर डायाटम नावाची सूक्ष्म शैवले विपुल माजतात. हेच एपिशुराचे चराऊ रान! हा जीव जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा, कोळंबीचा दूरचा भाऊबंद. त्याची एक पिढी बर्फाखालीच वाढते. कोट्यवधी एपिशुरा अहोरात्र पाणी गाळून अन्न मिळवतात. बैकलच्या प्रसिद्ध निर्मळपणाचे श्रेय पुष्कळसे त्यांचेच. त्यांच्यावर व त्यांच्यासारख्या लहान जीवांवर गोलोम्यांका मासा जगतो आणि त्या माशावर तेथील सील. चित्रे मात्र सीलचीच निघतात!

मिखाईल कोझोव्ह या प्राध्यापकांनी १९४५ साली दर सात-दहा दिवसांनी येथील पाण्याचे नमुने घेण्यास आरंभ केला. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. पुढे त्यांच्या कन्येने आणि नातीने हे व्रत चालविले. अशी चिकाटी मला मोठ्या शोधाहूनही थोर वाटते. या नोंदींवरील अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १८६९ पासून बर्फाचा काळ सुमारे १८ दिवसांनी आखडला होता. १९४६ पासून वरच्या थरातील पाणी एक अंशाहून अधिक तापले होते आणि उबेत रमणाऱ्या जलपिसवा चौपटीहून अधिक झाल्या होत्या.

“एक जीव घटला, दुसरा वाढला, बिघडले काय?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. परंतु जलपिसवा उन्हाळ्यात, वरच्या उबदार थरातच भरभराटतात. एपिशुरा थंडीचा भोक्ता. तो बारमाही राबतो, खोलवर उतरतो, आणि गोलोम्यांकाचे घरही खोल पाण्यातच. बर्फाखालचे रान ओसरले आणि एपिशुरा रोडावला, तर फेब्रुवारीत त्या खोलीवर माशांनी काय खावे, याचे उत्तर जलपिसवांपाशी नाही.