नावाचा सौदा आणि जनतेची ठेव



क्रीडांगणास कोणाचे नाव द्यावे, हा प्रश्न आपल्या संसारापासून दूरचा वाटेल. परंतु नावासाठी आपल्या समाजाने काय सोसले, याचे स्मरण ठेवा. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. ते नाव लागण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात कित्येकांची घरे जळाली, कित्येकांचे प्राण गेले. नाव हा मान आहे, म्हणूनच तो नाकारला गेला.

आज तोच मान पैशाने मिळू लागला आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने पुण्याजवळ गहुंजे येथे बांधलेले क्रीडांगण २०१२ साली खुले झाले, तेव्हा त्यास सहारा उद्योगसमूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांचे नाव होते. ठरलेली रक्कम थकली आणि २०१३ साली ते नाव उतरले. सांगलीत १९१५ साली जन्मलेल्या विजय हजारे यांचे नाव देशातील एका क्रिकेट करंडकास आहे. २०२३ साली एका बँकेने नियामक मंडळाकडून शीर्षक-हक्क घेतल्यावर हजारे यांच्या नावाआधी बँकेचे नाव आले. कायद्याच्या दृष्टीने हा मुदतीचा करार आहे. पैसा थांबला की पाटी उतरते. याउलट सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लोकवर्गणीच्या आधाराने हेलसिंकीस गेले व १९५२ साली कांस्यपदक घेऊन आले. वर्गणी देणाऱ्यांनी आपल्या नावाची पाटी मागितली नाही.

पाली वाङ्मयातील कथेप्रमाणे श्रावस्तीच्या अनाथपिंडिक श्रेष्ठीने राजपुत्र जेताचे उपवन जमिनीवर सुवर्णमुद्रा अंथरून घेतले आणि त्यात विहार बांधून संघास दान दिले. मूल्य त्याने दिले, तरी उपवन जेतवन म्हणूनच प्रसिद्ध राहिले. त्यास अनाथपिंडिकाचा आराम असेही म्हणू लागले, ते कृतज्ञतेने. कोणत्याही अटीमुळे नव्हे.

मैदान राखण्यास पैसा लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने मैदान उभारणाऱ्याने हवी ती पाटी लावावी. परंतु नगरपालिकेचे मैदान किंवा जिल्हा क्रीडा संकुल ही जनतेची ठेव आहे, आणि ठेव सांभाळणारा तिचा धनी नव्हे. जनतेस न विचारता तिचे नाव विकणे म्हणजे न दिलेले घेणे होय. आपण नित्य म्हणतो त्या पंचशीलातील दुसरे शील हेच वर्ज्य सांगते.

सातारा-सांगलीच्या कुटुंबांनो, आपल्या गावच्या सार्वजनिक मैदानाविषयी असा करार झाल्याचे कानी आले, तर केवळ हळहळून स्वस्थ बसू नका. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि कराराची प्रत मागा. मुदत किती, रक्कम किती, ती कोणत्या खात्यात जमा होते, आणि सामान्य मुलामुलींस मैदान मोकळे ठेवण्याची अट त्यात आहे काय, एवढे चार मुद्दे तपासा. उत्तर ३० दिवसांत न आल्यास प्रथम अपील करा. पाटीचा दाम कोण देतो, याइतकेच मैदानाचे दार आपल्या वस्तीतील लेकरांस उघडे राहते की नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.